साताऱ्यात किंवा सांगलीत राहून मोठं ग्राफिक्स कार्ड घेताना

मोठं ग्राफिक्स कार्ड म्हणजे साठ हजारांपासून दोन लाखांच्या वरपर्यंत जाणारी एकच वस्तू. आपल्याकडे, म्हणजे सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात, बहुतेक दुकानदार असं कार्ड काउंटरवर ठेवत नाहीत. ऑर्डर घेतात, पैसे घेतात आणि पुण्याहून किंवा मुंबईहून मागवतात. कार्ड आल्यावर ते कॅबिनेटमध्ये मावत नाही किंवा पॉवर सप्लायला झेपत नाही असं कळलं, तर ते परत करणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून कार्ड सगळ्यात शेवटी निवडा. मॉनिटर, कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि घरची वीज या चार गोष्टी आधी तपासल्या की यादीत दोन-तीनच नावं उरतात आणि त्यातून निवडणं सोपं जातं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

मोजपट्टी, मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मल्टिमीटर (किंवा मल्टिमीटर असलेला ओळखीचा वायरमन). कागदपत्रांत कॅबिनेटच्या मॉडेलचं नाव, मदरबोर्डचं मॅन्युअल, पॉवर सप्लायवरच्या लेबलचा फोटो आणि त्याचं बिल.

१. आधी मॉनिटर

कार्डाचं काम पिक्सेल रंगवण्याचं. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, २५६०×१४४० वर ३७ लाख आणि फोर-केवर ८३ लाख. म्हणजे १०८० पी वरून फोर-केवर गेलात की काम चौपट झालं.

तुमच्याकडे १०८० पी चा १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे आणि तो बदलायचा नाही, तर हा लेख इथेच थांबवा आणि मधल्या किमतीचं कार्ड घ्या. आरटीएक्स ५०८० सारखं महागडं कार्ड त्या पडद्यावर अर्धा वेळ रिकामं बसेल. व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ तर तिथे प्रोसेसरच्या जोरावर चालतात. १४४० पी आणि १६५ हर्ट्झच्या पुढे असाल, किंवा फोर-के घेणार असाल, तरच पुढे वाचा.

फोर-के मॉनिटर किंवा टीव्ही घेताना एचडीएमआय २.१ आहे का ते पाहा. जुन्या २.० पोर्टवर फोर-के साधारण ६० हर्ट्झलाच अडकतं, मग कार्ड कितीही दमदार असो.

२. कार्डांची यादी आणि नावांतले सापळे

२०२५ मध्ये आलेल्या पिढीतली, नवीन घेण्याजोगी मोठी कार्डं ही (आधी कार्डाची मेमरी, मग ते ओढतं ती वीज):

- आरटीएक्स ५०७०: १२ जीबी, २५० वॅट
- आरटीएक्स ५०७० टीआय: १६ जीबी, ३०० वॅट
- आरटीएक्स ५०८०: १६ जीबी, ३६० वॅट
- आरटीएक्स ५०९०: ३२ जीबी, ५७५ वॅट
- एएमडी आरएक्स ९०७० एक्सटी: १६ जीबी, ३०४ वॅट
- एएमडी आरएक्स ९०७०: १६ जीबी, २२० वॅट

एनव्हिडियाने भारतात जाहीर केलेले सुरुवातीचे दर ५०७० साठी ५९,०००, ५०७० टीआयसाठी ८०,०००, ५०८० साठी १,०७,००० आणि ५०९० साठी २,१४,००० रुपये होते. बाजारातला भाव वर-खाली होत असतो. पण हे आकडे लक्षात ठेवले की समोरचा भाव कितपत फुगलेला आहे ते कळतं.

१४४० पी साठी माझा कौल ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी यांना. ५०७० वेगाला वाईट नाही, पण एवढे पैसे मोजून १२ जीबीवर थांबणं मला पटत नाही. नव्या खेळांत टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) वरच्या पातळीवर आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजणं) चालू ठेवलं की मेमरी भरते. मेमरी भरली की सरासरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगल्या दिसतात आणि खेळ मात्र मध्येच अडखळतो. फोर-केसाठी ५०७० टीआय ही पहिली पायरी, ५०८० त्यापुढची. या दोघांत चिप एकच आहे, ५०८० मध्ये तिचा जास्त भाग चालू असतो. त्यामुळे दोघांच्या भावात पंचवीस-तीस हजारांचा फरक असेल तर ५०७० टीआय घेऊन उरलेले पैसे पॉवर सप्लाय आणि यूपीएसवर घाला.

एएमडी की एनव्हिडिया? फक्त खेळायचं असेल तर ९०७० एक्सटी पैशाला पुरेपूर उतरतं. शिवाय त्याची बहुतेक मॉडेल्स साध्या आठ पिनांच्या केबलवर चालतात, ही मोठी सोय आहे. ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयची मॉडेल्स घरी चालवायची असतील तर एनव्हिडियाच घ्या. त्या जगातली बरीच सॉफ्टवेअर कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर, उभी आहेत.

आता सापळे. लॅपटॉपमधलं ५०९० आणि डेस्कटॉपचं ५०९० ही दोन वेगळी कार्डं आहेत. लॅपटॉपच्या कार्डाचा बेंचमार्क पाहून डेस्कटॉपचा निर्णय घेऊ नका. ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत येतं, आणि जाहिरातीत तो आकडा बारीक अक्षरात असतो. ‘ओसी’ (म्हणजे कारखान्यातूनच वेग थोडा वाढवलेला) लिहिलेल्या मॉडेलला पाच-दहा हजार जास्त मागतात. प्रत्यक्ष फरक दोन-चार टक्क्यांचा, तोही पडद्यावर जाणवत नाही. जास्त पैसे द्यायचेच असतील तर मोठ्या हीटसिंकसाठी द्या, आपल्या उन्हाळ्यात ते कामाला येतात.

डीएलएसएस (एनव्हिडियाचं) आणि एफएसआर (एएमडीचं) या चित्र मोठं करणाऱ्या तंत्रांबद्दलही नीट समजून घ्या. फोर-केवर डीएलएसएस ‘क्वालिटी’ ठेवलं की खेळ आतून १४४० पी वर रंगतो आणि मग मोठा केला जातो. चित्र छान दिसतं, जरूर वापरा. फ्रेम जनरेशन मात्र वेगळी गोष्ट आहे. ते मधल्या फ्रेम तयार करून घालतं, त्यामुळे आकडा दुप्पट-चौपट होतो, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमवरच ठरतो. मूळ ६० च्या आसपास असतील तर फायदा होतो. मूळ ३० असतील तर आकडा १२० दिसेल आणि हात तरीही जड वाटेल. म्हणून तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचेच आकडे पाहा.

३. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

५०८० किंवा त्यावरच्या कार्डाला रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी शोभतो. पाच-सहा वर्षं जुना सहा कोरचा प्रोसेसर असेल तर १४४० पी वर कार्डाचा बराच वेग वाया जाईल. फोर-केवर तेवढा जाणवणार नाही.

मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून एक गोष्ट पाहा: काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की वरच्या मोठ्या स्लॉटच्या १६ लेनपैकी (डेटा जाण्याच्या वाटांपैकी) ८ च उरतात. तसं असेल तर एसएसडी दुसरीकडे लावा.

४. कॅबिनेट मोजा

कंपनीने सांगितलेल्या लांबीवर विसंबू नका, स्वतः मोजा. तीन पंख्यांची मोठी कार्डं ३३० ते ३६० मिमी लांब असतात आणि तीन-साडेतीन स्लॉट जाड, म्हणजे साठ-सत्तर मिमी. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर रेडिएटर आणि पंखे मिळून साधारण ५५ मिमी जागा खातात. ती लांबीतून वजा करा.

हमखास राहून जातं ते रुंदीचं माप. कार्डाच्या वरच्या कडेला वीज देणारी केबल लागते आणि सोळा पिनांच्या केबलला प्लगपासून पहिले ३५ मिमी सरळ जाऊ द्यावं लागतं. कार्डाची रुंदी अधिक ४० मिमी एवढी जागा स्लॉटपासून काचेपर्यंत हवीच. काच केबलला दाबून बसवावी लागत असेल, तर ते कार्ड त्या कॅबिनेटचं नाही.

दीड-दोन किलोचं कार्ड आडवं लटकतं, त्याला खालून टेकू द्या. बऱ्याच बॉक्समध्ये तो असतो. नसला तर पाचशे रुपयांच्या आत मिळतो.

५. पॉवर सप्लाय आणि केबल

कार्ड बनवणाऱ्यांची शिफारस अशी: ५०७० ला ६५० वॅट, ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटीला ७५०, ५०८० ला ८५०, ५०९० ला १०००. यात काटकसर करू नका, पण ५०७० टीआयला १२०० वॅट घेण्याचीही गरज नाही. वॅटपेक्षा दर्जा पाहा. लेबलवर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं हवं. मोठी कार्डं क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी वर उसळी मारतात. अशी उसळी सहन करण्याची अट याच मानकात घातलेली आहे. जुना किंवा हलका सप्लाय तिथेच बंद पडतो. मग खेळ ऐन रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो, आणि लोक कार्डाला दोष देतात.

भाराचं गणित सोपं आहे. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या प्रत्येक केबलमधून १५०, सोळा पिनांच्या केबलमधून ६०० पर्यंत. कार्डासोबत आलेला अडॅप्टर वापरणार असाल तर त्यातल्या प्रत्येक आठ पिनांच्या तोंडाला पॉवर सप्लायपासून वेगळी केबल आणा. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं वापरू नका.

सोळा पिनांच्या कनेक्टरबद्दल घाबरायचं कारण नाही, पण गाफील राहूनही चालत नाही. २०२२ च्या अखेरीस ४०९० बाजारात आल्यावर हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यातलं मोठं कारण ठरलं. ५७५ वॅट म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ४८ अँपिअर, सहा तारांत वाटले तर प्रत्येकी आठ. एक-दोन पिना नीट टेकल्या नाहीत की त्यांचा वाटा बाकीच्यांवर पडतो आणि प्लास्टिक तापतं. सुधारित कनेक्टरमध्ये सेन्सच्या (प्लग बसला का ते कार्डाला कळवणाऱ्या) पिना आखूड आहेत, त्यामुळे प्लग अर्धवट असेल तर कार्ड चालूच होऊ नये अशी सोय आहे. तरीही टॉर्च लावून पाहा: प्लग आणि कार्ड यांच्यामध्ये फट दिसता कामा नये.

आणि हे ठळक अक्षरात: एका पॉवर सप्लायची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, सप्लायकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा. चुकीची केबल लावून बटण दाबलं की कार्ड त्याच क्षणी जातं, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

६. घरची वीज

पुण्यातल्या मार्गदर्शक लेखांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्याकडे तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट अर्थिंग. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थकडे जायचा असतो. वाट नसली की तो पत्र्यावर साचतो. अशा पीसीला केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स जोडलेल्या टीव्हीत एचडीएमआय खोचलीत, तर कार्डाचं पोर्ट जळू शकतं. मल्टिमीटरने मोजा: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मुरूम-खडकाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. जानेवारीत ठीक असलेलं मोजमाप एप्रिलमध्ये बिघडतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहा आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा.

दुसरी, जास्त व्होल्टेज. कमी व्होल्टेजला फार घाबरू नका. चांगले पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतात. पावसाळ्यात वाऱ्याने ट्रान्सफॉर्मरजवळचा न्यूट्रल तुटला, की घरात २३० ऐवजी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढू शकतं. साधा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, असं टिकून राहणारं व्होल्टेज नाही. त्यासाठी घरच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो. त्याने कार्डाबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतात.

तिसरी, यूपीएस. दुकानात हमखास ६०० व्हीएचा यूपीएस पुढे केला जातो. तो खरा ३६० वॅटचा असतो. ५०८० चा पीसी खेळताना मॉनिटरसकट ६०० वॅटच्या जवळ जातो, म्हणजे लाईट गेली की यूपीएस ओरडून बंद आणि पीसीही बंद. ५०७० टीआय किंवा ५०८० साठी दीड ते दोन केव्हीए, ५०९० साठी किमान दोन केव्हीए घ्या आणि लेबलवर वॅटचा आकडा वाचा, व्हीएचा नाही. प्युअर साइन वेव्हचाच (लाईनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. पाच-दहा मिनिटं मिळतील, खेळ सेव्ह करून नीट शटडाउन करायला तेवढी पुरेत.

घरचा दोन पंखे आणि चार दिव्यांचा इन्व्हर्टर यासाठी नाही. स्क्वेअर वेव्हचा असेल तर आजच्या पॉवर सप्लायला तो मानवत नाही. शिवाय लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला लागणारा वेळ पॉवर सप्लायच्या तग धरण्याच्या वेळेपेक्षा (साधारण १७ मिलिसेकंद) जास्त असला, तर पीसी रीस्टार्ट होणारच. वायरमनला सांगून पीसीचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून घ्या.

बिलाचंही पाहून ठेवा. ५०० वॅट, रोज चार तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. २६० युनिटवर असलेलं घर याने पुढच्या महागड्या टप्प्यात शिरतं.

७. उष्णता, धूळ, पाणी

कार्ड जेवढे वॅट ओढतं तेवढी उष्णता खोलीत सोडतं. सांगलीत मार्च ते मे पारा चाळिशीच्या आसपास असतो, वर पत्र्याचं किंवा थेट स्लॅबचं छत असेल तर खोलीत आणखी. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या, पुढून दोन-तीन पंखे हवा आत ओढणारे, मागून एक बाहेर टाकणारा. समोर बंद काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, आपल्या हवेत मी ती सुचवणार नाही.

उन्हाळ्यासाठी एक फुकटचा उपाय: एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता आणि आवाज मात्र चांगलेच उतरतात. ५०९० घेणाऱ्यांनी तर हे बारा महिने ठेवावं.

धुळीची जाळी महिन्यातून एकदा काढून झटका. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने गरगर फिरले तर बेअरिंग खराब होतं. साताऱ्याच्या पश्चिम भागात, पाटण-जावळीकडे, पावसाळ्यात पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. अधूनमधून चालवला की आतला दमटपणा जातो.

सांगलीत कृष्णेकाठी तळमजल्यावर राहत असाल तर पीसी जमिनीवर नको. २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि पाण्याने बिघडलेलं कार्ड कोणतीच कंपनी वॉरंटीत घेत नाही.

८. खरेदी

गावातल्या दुकानातून मागवलंत तर हजार-दोन हजार जास्त जातील, पण बिघाड झाल्यावर कार्ड सर्व्हिस सेंटरला पाठवण्याची धावपळ दुकानदार करेल. मात्र हे आधी विचारून घ्या. हे प्रश्न पैसे देण्यापूर्वी:

- वॉरंटी किती वर्षांची, आणि ती बिलावर मोजतात की सीरियल नंबरवर?
- बिघडलं तर कार्ड कुठे जमा करायचं: इथे, कोल्हापूरला की पुण्याला? कुरिअरचा खर्च कोणाचा?
- बंद पडलेलंच कार्ड आलं तर किती दिवसांत बदलून मिळेल?

पक्कं जीएसटी बिलच घ्या. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे आणि ‘बिलाशिवाय इतके कमी’ हा प्रस्ताव त्याच टक्क्यांतून येतो. बिलावर पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. परदेशातून कोणी आणलेलं कार्ड स्वस्त वाटतं, पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी विकल्या गेलेल्या देशापुरती असते. ५०९० घेणार असाल तर लक्षात ठेवा, दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं दुकानदाराला कायद्याने मना आहे.

काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर वॉरंटी एक-दोन वर्षांनी वाढवून देतात, पण मुदत बहुधा ३० दिवसांचीच. कार्ड आलं त्याच दिवशी नोंदणी करा.

ऑनलाइन मागवलंत तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता: कुरिअरचं लेबल, सील, बॉक्सवरचा सीरियल, मग कार्डावरचा सीरियल. दोन्ही जुळले पाहिजेत.

पुण्याहून पूर्ण पीसी जोडून आणणार असाल तर कार्ड काढून त्याच्याच बॉक्समध्ये वेगळं आणा. खंबाटकी घाटातले धक्के दोन किलोच्या लटकत्या कार्डाला सोसत नाहीत. लॅचजवळ सर्किट बोर्डाला तडा जातो आणि तोही वॉरंटीबाहेर.

९. बसवणं

जुनं कार्ड असेल तर आधी डीडीयू नावाच्या मोफत प्रोग्रामने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पुसा. पॉवर सप्लाय बंद करा, पण प्लग सॉकेटमध्येच राहू द्या (सॉकेटचं बटण बंद), म्हणजे अर्थ जोडलेला राहतो. पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवा. मदरबोर्डच्या सगळ्यात वरच्या मोठ्या स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबा, टिक आवाज येईपर्यंत. मग स्क्रू, मग टेकू, मग केबल.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ‘नवीन कार्ड लावूनही फरक नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा आणि रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलही.

१०. पहिला आठवडा

बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत सगळं तपासा. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडून मेमरी आणि आरओपीचा (चिपमधल्या, तयार पिक्सेल शेवटी लिहिणाऱ्या भागांचा) आकडा पाहा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६ हवेत. २०२५ च्या सुरुवातीला आठ आरओपी कमी असलेली काही कार्डं बाजारात आली होती आणि एनव्हिडियाने ते मान्य केलं होतं. कमी दिसलं तर स्क्रीनशॉट काढून लगेच बदलून मागा.

मग सुपरपोझिशन ही चाचणी किंवा एखादा जड खेळ सलग तासभर चालवा. तापमान पंचाहत्तरच्या आसपास राहिलं तर निवांत. सतत ऐंशीच्या वर असेल तर कॅबिनेटची काच काढून पुन्हा पाहा. काच काढल्यावर आठ-दहा अंश उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे, कार्डाचा नाही. चौकोनी ठिपके, रंगीत रेषा, मध्येच काळा पडदा दिसला तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. किणकिण असा बारीक आवाज बहुधा कॉइलचा असतो. त्याने बिघाड होत नाही आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी कार्ड बदलून देत नाहीत.

तासाभरानंतर पीसी बंद करून सोळा पिनांच्या प्लगला बोट लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर प्लग काढून, पिना पाहून पुन्हा बसवा. बॉक्स, आतला फोम आणि अँटी-स्टॅटिक पिशवी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, आणि बिलाचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते.